लाइन मोकळी होती

मी एक काळी डबी आहे. साबणाच्या वडीएवढी. पोटावर छोटी काच, कडेला हिरवा दिवा आणि शेपटीसारखी हातभर वायर. कंपनीने ठेवलेलं माझं नाव लांबलचक आहे, ते कुणी घेत नाही. लाइनवाले दादा मला नुसतं ‘डबी’ म्हणतात. जे सांगणार आहे ते सांगायला मला बरेच दिवस धीर झाला नाही, कारण त्यात चूक माझी आहे.

इंटरनेटची लाइन किती चपळ आहे हे मोजणं माझं काम. मी लाइनीतून एक हाक मारते. दुसऱ्या टोकाचं यंत्र ‘ओ’ देतं. हाक आणि ओ यांच्यामध्ये जो वेळ जातो, तो मी काचेवर दाखवते. तो इतका लहान असतो की सेकंदाचे हजार तुकडे करून मोजावा लागतो. दहा, बारा, वीस तुकडे लागले तर लाइन छान. दोनशे-तीनशेच्या वर गेले की बोलणारी माणसं एकमेकांच्या शब्दांवर आदळायला लागतात.

माझा जन्म एका लांब टेबलावर झाला. शेजारी माझ्यासारख्याच चाळीस बहिणी होत्या. हातमोजे घातलेल्या एका बाईने मला कानाशी धरून हलवलं, आत काही खुळखुळत नाही हे बघितलं आणि खोक्यात ठेवलं. खोक्यातून मी दादांच्या पिशवीत आले. तिथे पक्कड, चिकटपट्टी आणि एक कायम अर्धा खाल्लेला बिस्किटांचा पुडा होता.

दादा मनाने चांगले. जिना चढून आले की आधी दम खायचे, मग घरच्यांची तक्रार शेवटपर्यंत ऐकायचे, मधे बोलायचे नाहीत. मग मला राउटरला जोडायचे आणि त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणायचे, “जरा दोन मिनिटं सगळं बंद ठेवा हं.”

डॉक्टरांनी थर्मामीटर लावल्यावर लोक जसे शहाण्यासारखे बसतात, तशी घरं त्या दोन मिनिटांत बसायची. टीव्ही बंद, फोन बंद, मुलांचे खेळ बंद. एका आजोबांनी पंखासुद्धा बंद केला होता. त्या शांततेत मी दहा हाका मारायची आणि दहांतला सर्वांत चांगला आकडा काचेवर दाखवायची. मला तसंच शिकवलं होतं. माझी हाक जायचीही फार लांब नाही, रस्त्याच्या कोपऱ्यावर कंपनीचं लोखंडी कपाट होतं, तिथपर्यंत. दादा चिठ्ठीवर लिहायचे, ‘लाइन मोकळी’, आणि खाली सही.

मला त्या चिठ्ठ्यांचा अभिमान होता. माझ्यावर विश्वास ठेवून लोक निश्चिंत होतात, असं मला वाटायचं.

एकदा आम्ही एका घरी गेलो. तिथली मुलगी पडद्यावरून गाणं शिकत होती. लांबच्या गावी बसलेले तिचे सर टाळ्या वाजवून ठेका धरायचे आणि ती त्यावर गायची. पण ती प्रत्येक वेळी मागे पडायची. सर वैतागून म्हणाले होते, “तुझ्या अंगात तालच नाही.” म्हणून तिच्या बाबांनी दादांना बोलावलं होतं. दोन मिनिटं सगळं बंद झालं. मी अकरा दाखवले.

“बघ,” बाबा म्हणाले, “लाइनीचं काही नाही.”

मुलीने गाण्याची वही मिटली आणि पुस्तकांच्या खाली सरकवून ठेवली. तेव्हा मला काहीच वाटलं नाही. अकरा हा किती सुरेख आकडा आहे, एवढंच माझ्या मनात होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी आम्ही दुभाषीबाईंच्या घरी गेलो.

एकमेकांची भाषा येत नाही असे डॉक्टर आणि पेशंट समोरासमोर बसले, की या बाई पडद्यावर येऊन याचं त्याला आणि त्याचं याला सांगायच्या. दवाखान्यांची गर्दीची वेळ संध्याकाळची, म्हणून त्यांचं कामही संध्याकाळी पाच ते आठ. घरात त्या, त्यांचे यजमान आणि शाळेत जाणारी मुलगी चिमी. यजमान विकाऊ घरांचे फोटो काढायचे, त्यामुळे दिवसभर बाहेर. आम्ही गेलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

“दादा, माझं बोलणं पलीकडे उशिरा पोचतं असं वाटतं,” बाई म्हणाल्या. “मी ‘कुठे दुखतंय’ विचारते, तोवर डॉक्टर पुढचं बोलायला लागलेले असतात. मग आम्ही दोघंही थांबतो. मग दोघंही एकदम बोलतो.”

“दारात दोन माणसं समोरासमोर आली की होतं तसं,” दादा म्हणाले. “तुम्ही जा, तुम्ही जा.”

बाई मोठ्याने हसल्या. दादांचं वाक्य संपायच्या आधीच हसल्या. बोलणं कुठे चाललंय ते त्यांना आधीच कळायचं. त्यांच्या कामाला तेच तर लागायचं.

मी बारा दाखवले. दादांनी चिठ्ठी लिहिली. बाईंनी तिचा फोटो काढून लगेच त्यांच्या ऑफिसच्या मॅडमना पाठवला. मी वायर गुंडाळून घेत पिशवीत शिरले.

महिन्याभराने त्याच घरून पुन्हा बोलावणं आलं. पुन्हा सकाळचे अकरा. दार उघडलं त्याच बाईंनी, पण मला क्षणभर वाटलं की दुसरंच कुणी आहे. दादांनी जिन्याविषयी काहीतरी विनोद केला. बाई त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या आणि मग थोड्या उशिराने कसनुशा हसल्या.

काय झालं ते त्यांनी सांगितलं. मॅडमनी माझी चिठ्ठी बघितली आणि निष्कर्ष काढला, लाइन उत्तम आहे, म्हणजे तुम्हीच हळू झाला आहात. बाईंचे संध्याकाळचे पेशंट दुसऱ्यांना दिले गेले. बाई कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. कान ठणठणीत निघाले. आता महिनाअखेरीस संध्याकाळी सहा वाजता मॅडम स्वतः त्यांची परीक्षा घेणार होत्या. त्यात अडखळल्या तर यादीतून नाव कायमचं जाणार होतं.

“कान बरे आहेत, लाइन बरी आहे,” बाई म्हणाल्या. “म्हणजे माझं डोकंच मंद झालं असणार. तरी एकदा बघा.”

दादांनी मला जोडलं. “जरा दोन मिनिटं सगळं बंद ठेवा हं.” मी पुन्हा बारा दाखवले. त्या दिवशी तो आकडा दाखवताना माझ्या काचेला पहिल्यांदा लाज वाटली. दादा चिठ्ठी लिहायला लागले.

“थांबा. काय लिहिताय?”

आवाज खिडकीपाशी बसलेल्या एका बाईंचा होता. ही चिमीची आत्या, यजमानांची थोरली बहीण, चार दिवसांसाठी राहायला आलेली. तिने तीस वर्षं बाजारात दुकानदारांची वजनं-मापं तपासायची सरकारी नोकरी केली होती. दुकानदार तिला मागून ‘काटाबाई’ म्हणायचे, हे तीच कौतुकाने सांगायची.

“लाइन मोकळी, असं लिहितोय,” दादा म्हणाले.

“मोकळी आहे की मोकळी केलीत?”

दादांचं पेन थांबलं.

“रिकाम्या तराजूचा काटा सगळ्यांचाच मधोमध असतो हो,” आत्या म्हणाली. “माल ठेवल्यावर बघायचा असतो.”

“काकू, तसा नियम आहे. घरात बाकीचं चालू असलं तर दोष लाइनीचा की घरातल्या वापराचा, ते कळत नाही.”

“बरोबर आहे. म्हणजे तुमच्या कंपनीचा दोष नाही, एवढं या चिठ्ठीवरून कळतं. हिचा आहे की नाही, ते कुठे कळतं?”

दादांनी पेनाला टोपण लावलं. आत्या म्हणाली, “ही डबी ठेवून जा पंधरा दिवस.”

“तशी देता येत नाही. माझ्या सहीवर आहे ती.”

“मग माझ्या सहीवर करून घ्या. माझ्या सहीने भल्याभल्या दुकानदारांची झोप उडायची. एका डबीला पुरेल.”

दादा हसले आणि मी त्या घरात राहिले. आत्याचे चार दिवसही मग लांबले.

आत्याच्या सांगण्यावरून दादांनी जाण्यापूर्वी माझ्यात दोन बदल केले. माझी हाक आता कोपऱ्यावरच्या कपाटापर्यंत नाही, तर बाईंचं बोलणं खरोखर जिथून जायचं त्या लांबच्या यंत्रापर्यंत जाणार होती. आणि मी फक्त चांगला आकडा न दाखवता सगळे दाखवणार होते, वाईटातला वाईटही. आत्याचं म्हणणं असं, की दुकानदार दिवसातून एकदा खरं माप देतो, त्याचं काय कौतुक.

पहिल्या संध्याकाळी काहीही बंद केलं नाही. पाच वाजता मी हाका मारायला लागले. चौदा. तेरा. चौदा. मला वाटलं, बघा, मी खरंच बोलत होते.

साडेपाचला यजमान आले. त्यांनी कॅमेरा कपाटावर ठेवला आणि हातपाय धुवायला गेले. कॅमेऱ्याला सवय होती. घरी आला की दिवसभराचे फोटो आपले आपण ऑफिसला पाठवायला लागायचा. पुढची हाक मारली तर तीनशे. मग सातशे. मग अकराशे, म्हणजे एका सेकंदाहून जास्त. मी हाक मारून वाट बघत बसले आणि ओ येईना.

शेजारचा पांढरा राउटर घामाघूम झाला होता. तो स्वभावाने भिडस्त. कुणाला नाही म्हणून म्हणायचं नाही. कॅमेऱ्याने फोटोंची ही मोठमोठी गाठोडी आणून टाकली, ती सगळी याने घेतली आणि रांगेत लावली. माझी इवलीशी हाक त्या गाठोड्यांच्या मागे उभी राहिली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही, फक्त इथे भीड एकाची होती आणि भीक मागायची पाळी दुसऱ्यावर आली होती. बाईंचा प्रत्येक शब्द रोज संध्याकाळी याच रांगेत उभा राहत होता.

आत्याने आकडे वहीत उतरवले आणि वही मिटली. तिला कळलं होतं, पण ती कुणाला बोलली नाही. “एका दिवसावरून निकाल द्यायचा नसतो,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने बटणांच्या डब्यात दहा चिठ्ठ्या टाकल्या. पाचांवर ‘पाठव’, पाचांवर ‘थांब’. रोज घरी आल्यावर यजमानांनी एक चिठ्ठी उचलायची, ती आतल्या खोलीत वाचायची आणि तिच्यावर असेल त्याप्रमाणे कॅमेरा चालू करायचा किंवा बंद ठेवायचा. सहा वाजता बाईंनी एका मैत्रिणीशी पाव तास सराव करायचा. मैत्रीण डॉक्टर होणार, बाई दुभाषी. चिमीने मागे बसून, दोघींचे शब्द आदळले की वहीत एक रेघ ओढायची. चिठ्ठीवर काय होतं ते बाईंना किंवा चिमीला कळता कामा नये, म्हणून माझी काच आत्याकडे वळवलेली.

“पण आईला का नाही सांगायचं?” चिमीने विचारलं.

“तिला कळलं तर ‘थांब’च्या दिवशी ती मोकळेपणाने बोलेल आणि ‘पाठव’च्या दिवशी घाबरत. मग आपण तिची भीती मोजू, लाइन नाही.”

“आणि मला?”

“तुझं आईवर प्रेम आहे. तुझ्या रेघा कमी-जास्त होतील.”

यजमानांच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून सराव संपेपर्यंत त्यांनी आतल्या खोलीतच बसायचं ठरलं. “माझ्याच घरात मला कोंडताय,” ते आतून म्हणाले. “बोलू नकोस, आवाजावरून कळतं,” आत्या बाहेरून म्हणाली.

ते दहा दिवस मला फार जड गेले. सकाळी घर रिकामं झालं की बाई आरशासमोर बसायच्या. हातात घड्याळ. ‘ताप कधीपासून आहे, श्वास घेताना त्रास होतो का, आधी कुठलं औषध चालू होतं,’ असं भराभरा म्हणायच्या आणि किती वेळ लागला ते बघायच्या. जीभ अडली की पुन्हा पहिल्यापासून. एकदा त्या आरशातल्या स्वतःला म्हणाल्या, “जरा लवकर बोलत जा गं.” मी समोरच्या कपाटावर होते. त्या वेळी घरात कुणी नव्हतं, लाइन रिकामी होती आणि माझ्या काचेवर चौदा होते. तो आकडा खरा होता. खऱ्या आकड्याची इतकी शरम वाटू शकते हे मला माहीत नव्हतं. काच झाकायला मला हात नाहीत.

अकराव्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. यजमानांनी त्या त्या दिवशीच्या चिठ्ठ्या काढल्या, चिमीने रेघांची वही आणली आणि आत्याने माझ्या आकड्यांची. ‘थांब’च्या पाच दिवसांत दोन रेघा, एक, तीन, शून्य, दोन. ‘पाठव’च्या दिवसांत सत्तावीसपेक्षा कमी एकदाही नाही. माझे आकडे ‘थांब’च्या दिवशी चाळिशीच्या आत होते; ‘पाठव’च्या दिवशी नऊशे, हजार, तेराशे.

बाईंनी रेघा बोटाने पुन्हा एकदा मोजल्या.

“म्हणजे माझं डोकं...”

“शाबूत आहे,” आत्या म्हणाली. “पहिल्यापासून होतं.”

यजमान खुर्चीत बसले. “म्हणजे मीच?”

“तू नाहीस. तुझा कॅमेरा आणि तो राउटर. तुला माहीत नव्हतं.”

“ती चिठ्ठी आल्यापासून मी हिला सांगतोय,” ते म्हणाले, “जरा लवकर बोलत जा गं म्हणून.”

तेव्हा मला कळलं, आरशातलं ते वाक्य कुणाचं होतं. आणि यजमानांना ते बोलायला धीर कुणी दिला, तेही कळलं. चिठ्ठी माझी होती.

दुसऱ्या दिवशी दादा आले. त्यांनी वही दोनदा वाचली. ‘नियम आहे’ असं या वेळी म्हणाले नाहीत. राउटर उघडून त्यांनी त्याला थोडंसं ‘नाही’ म्हणायला शिकवलं; कॅमेऱ्याने कितीही गाठोडी आणली तरी बोलण्यासाठी एक वाट मोकळी ठेवायची. मला न्यायला हात पुढे केला, पण आत्या म्हणाली, “परीक्षा होऊ द्या.”

परीक्षेच्या संध्याकाळी पावणेसहाला यजमान घरभर धावपळ करत होते. कॅमेरा बंद, टीव्ही बंद. चिमीचा फोन काढून घ्यायला गेले, तेव्हा बाई म्हणाल्या, “नको. सगळं चालू ठेवा.”

“अगं, आज तरी.”

“रोज चालू असतं ना? मग आजही असू दे.”

सहा वाजता मॅडम पडद्यावर आल्या. एकदा डॉक्टर झाल्या, एकदा घाबरलेली पेशंट झाल्या, मुद्दाम भराभर बोलल्या, मुद्दाम अर्ध्यावर तोडलं. मी हाका मारत होते. वीस. तेवीस. एकोणीस. कॅमेरा शेजारी फोटो पाठवतच होता. शेवटी मॅडम म्हणाल्या, “सोमवारपासून संध्याकाळचे पेशंट घ्या तुमचे.” बाईंनी त्यांना दहा दिवसांच्या रेघा आणि आकड्यांचं सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, “ती चिठ्ठी बघून मी घाईच केली. ते कागद मलाही पाठवा.”

घरात आनंद झाला. चिमीने आत्याला मिठी मारली. हिरवा दिवा असणं मला त्या दिवशी बरं वाटलं.

पण मी मोजणारी वस्तू आहे, मला न मोजता राहवत नाही. त्या रात्री जेवताना चिमीने हाक मारली, “आई.” बाईंनी वर बघितलं, एक क्षण थांबल्या, समोरच्याचं बोलणं पुरतं संपलंय ना हे जोखलं आणि मग म्हणाल्या, “ओ.” लाइनीतला उशीर गेला होता. तो बाईंच्यात येऊन बसला होता. तो आकडा मी काचेवर दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी दादा मला घेऊन गेले. निघताना दारात ते आणि बाई समोरासमोर आले. “तुम्ही जा, तुम्ही जा,” दादा म्हणाले. बाई हसल्या. पहिल्या दिवसाइतक्या लवकर नाही, पण मधल्या दिवसांपेक्षा लवकर. जाईल हळूहळू, असं मी मनाला समजावते.

पुढच्या घरी दादांनी मला जोडलं आणि तोंड उघडलं, “जरा दोन मिनिटं...” मग थांबले. “नाही, असू द्या. चालू ठेवा सगळं. आणि जास्त त्रास कधी होतो? मी तेव्हाच येतो.” आता मी गर्दीतच हाका मारते. आकडे पूर्वीइतके सुरेख येत नाहीत. दादा चिठ्ठीवर चांगला आणि वाईट दोन्ही लिहितात.

तरी पिशवीत पडल्यावर मला त्या गाणाऱ्या मुलीची आठवण येते. दादांनी तिथे एकदा फोन केला होता. तिचे बाबा म्हणाले, “आता काही तक्रार नाही, तिने गाणं सोडलं.” तक्रार नाही म्हणून जाणं झालं नाही. ज्याला आपलीच चूक आहे असं वाटतं, तो तक्रार कशाला करेल? आणि तसं वाटायला लावणारी चिठ्ठी माझी होती.

म्हणून हे सगळं सांगितलं. मुली, तुझ्या घरी संध्याकाळी कोण काय पाठवत होतं, तुझी हाक कुठल्या रांगेत उभी होती, मला माहीत नाही, कारण मी बघितलंच नाही. मी सगळ्यांना गप्प बसवून रिकाम्या रस्त्यावरून एकदा धावून आले आणि अकरा म्हणाले. तुझ्या अंगात ताल आहे की नाही, हे त्या अकरावरून कुणालाच कळत नव्हतं.

पुस्तकांच्या खाली ती वही अजून असेल तर काढ. एकदा सगळं चालू ठेवून मला बोलाव.